युरोपची द्राक्षं आणि आपली भेंडी

या लेखात दोन माणसं बोलतात. एक भाची. पुण्यात कोथरूडला राहते, चार वर्षांची मुलगी आहे, आणि दर शनिवारी सेंद्रिय भाजीची टोपली घरपोच मागवते. बाजारभावाच्या दीडपट, कधी दुप्पट पैसे जातात, त्याची तिची तक्रार नाही. दुसरे तिचे मामा. निफाड तालुक्यात सहा एकर द्राक्षबाग, त्यातली चार एकर निर्यातीसाठी नोंदवलेली. दोघंही मी बेतलेली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र माझे नाहीत; लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या फाटकाशी, कृषी प्रदर्शनातल्या चहाच्या टपरीवर ते तुम्हीही ऐकले असतील.

फेब्रुवारीतली दुपार आहे, बागेत खुडा चालू आहे. मामांनी एक घड नातीच्या हातात दिला आणि भाचीने तो मधेच काढून घेतला.

भाची : थांबा मामा, धुऊन देते. वर औषधाची केवढी पावडर बसलीय बघा.

मामा : अगं, ती औषधाची नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, वेलच तो तयार करते. मण्यातलं पाणी उडू नये म्हणून. तो पुसला गेला की व्यापारी भाव पाडतो. बायका घड कसा धरतात बघ, देठाला. मण्याला बोट लागू देत नाहीत ते याच्यासाठी.

भाची : मग औषध कुठे असतं?

मामा : असलं तर ते दिसत नाही.

मामांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं ते बरं झालं. भाजी निवडताना आपली सगळी भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर. कीटकनाशकाचा उरलेला अंश या दोघांनाही सापडत नाही. ‘किडकं वांगं निघालं, म्हणजे फवारलेलं नाही’ हा घरोघरचा समजही कच्चाच. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की अळी त्याला दाद देईनाशी होते, आणि मग फवारलेल्या वांग्यातही ती सुखाने राहते.

भाची : म्हणूनच मी सेंद्रिय घेते. दिसत नाही ना, मग मुळात मारलेलंच नसावं.

मामा : घे की. पण आधी हा कागद बघ. या प्लॉटचा तपासणी अहवाल आहे. काढणीच्या आधी लॅबचा माणूस बागेत येतो आणि नमुना स्वतः घेतो. मी पिशवीत भरून दिलेला चालत नाही. 2006 पासून शेतमाल निर्यातीचं बघणाऱ्या अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था आहे, बागेला नंबर आहे. रॉटरडॅमच्या गोदामात खोक्यावरचा नंबर टाकला की माल कुठल्या बागेतला, कुठल्या पॅकहाऊसमधून गेला, सगळं निघतं. कुठलं औषध चालतं आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, त्याची यादी मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र काढतं. ॲनेक्श्चर 5 म्हणतो आम्ही. पंचांगासारखी भिंतीला टांगलेली असते.

भाची : आणि मर्यादा किती धरतात?

मामा : औषधागणिक वेगळी. ज्याला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेलीच नाही, त्याला सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम.

म्हणजे किती? 10 टन द्राक्षांनी भरलेला ट्रक धरला तर त्या सगळ्या मालात मिळून एक दशांश ग्रॅम. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती नेहमी निसटते. ‘एमआरएल’ नावाची ही मर्यादा विषबाधेची रेघ नव्हे. शेतकऱ्याने औषध सांगितल्या प्रमाणात मारलं आणि सांगितले तितके दिवस वाट पाहिली, तर मालात जास्तीत जास्त किती अंश उरेल, त्यावरून ती ठरते. आरोग्याचा हिशेब वेगळा होतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर ज्या मात्रेचा काही परिणाम दिसला नाही, तिला साधारणपणे शंभराने भागतात आणि माणसाने रोज आयुष्यभर तेवढं खाल्लं तरी चालेल असं मानतात. एमआरएल ओलांडली याचा अर्थ शेतात नियम मोडला गेला. खाणारा आजारी पडेलच, असा त्याचा अर्थ नाही.

हे भाचीला माहीत होतं. तिचं समाधान तेवढ्याने झालं नाही.

भाची : शंभराने भागतात, मान्य. पण तो हिशेब मोठ्या माणसाचा, एकेका औषधाचा. माझी मुलगी चौदा किलोची आहे. ती बसल्या बैठकीला पाव किलो द्राक्षं संपवते. तुम्ही संपवाल का वजनाच्या त्याच हिशेबात?

मामा : सव्वा किलो होतील. नाही संपवणार.

भाची : अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1993 मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं. मुलं वजनाच्या मानाने जास्त खातात, त्यांची वाढ चालू असते, तेव्हा मोठ्यांची मर्यादा त्यांना लावू नका. 1996 मध्ये तिथे कायदा आला आणि मुलांसाठी आणखी दहापट खबरदारी घालायची तरतूद झाली. आणि क्लोरोपायरीफॉस? युरोपने 2020 मध्ये ते बंद केलं, त्याच्या कारणांत मुलांच्या मेंदूच्या वाढीबद्दलची चिंताही होती. आपल्याकडे त्याच वर्षी मे महिन्यात 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला. 2023 मध्ये अंतिम निर्णय आला तेव्हा त्यातली मोजकीच बंद झाली.

मामा : सरकारच्या वतीने मी कशाला भांडू? मी माझ्या बागेचं सांगतो. आणि बागेचं म्हणशील तर 2010 आठव.

भाचीला ते आठवण्याचं कारण नव्हतं. नाशिक जिल्ह्यात मात्र ते साल द्राक्षवाल्यांपैकी कुणी विसरलेलं नाही. खरड छाटणीनंतर वेलीचा शेंडा फार पळू नये म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचं वाढनियंत्रक वापरत; बोलण्यात त्याला सीसीसी म्हणतात. त्या वर्षी युरोपात पोचलेल्या द्राक्षांत ते मर्यादेबाहेर सापडलं, कंटेनर अडकले, निर्यातदारांचे आणि त्यांच्यामागे बागायतदारांचे कोट्यवधी रुपये बुडाले. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी माल पास केला होता, कारण तपासायच्या यादीत ते रसायनच नव्हतं. शोधलंच नाही, म्हणून सापडलं नाही. त्या फटक्यानंतर याद्या वाढल्या, यंत्रं सुधारली, आणि द्राक्षवाला औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायला शिकला. उपदेशाने हे घडलं नसतं. पैसे अडकले म्हणून घडलं.

भाची : म्हणजे इतकी सगळी काळजी युरोपातल्या पोरांसाठी. बरं, सहा एकरांतले हे चार झाले. ते पलीकडचे दोन एकर?

मामा : ते लोकल.

भाची : त्याचा अहवाल?

मामा : त्याचा कोण मागतो?

सगळ्या वादात मला हे तीन शब्द सर्वांत मोलाचे वाटतात. मामा लबाड नाहीत. त्या दोन एकरांत ते काही वेगळं, जहाल औषध मारत नाहीत. ब्लोअर तोच, टाकी तीच, बहुतेक फवारण्याही त्याच. पण तिथे शेवटच्या फवारणीनंतर चार दिवस कमी भरले आणि व्यापारी दारात उभा राहिला, तर मामांना कुणी अडवणार नाही. निर्यातीच्या घडाला बागेत एकदा आणि परदेशी बंदरात पुन्हा कधीही तपासणीची भीती असते. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीला जाणाऱ्या घडाला ती जवळजवळ नाही. कायद्याने मर्यादा आपल्याकडेही आहेत. ‘एफएसएसएआय’ त्या ठरवते, आणि नमुने घेण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाला आहे. बांधावरच्या मालाला मात्र 2006 चा अन्न सुरक्षा कायदा लागूच होत नाही, त्यातलं अठरावं कलम शेतकऱ्याला वगळतं. माल बाजारात आला की गाळ्यावर रोज शेकडो गावांचा एकत्र होतो. त्यातलं कुठलं क्रेट कुठल्या शेतातलं, हे संध्याकाळपर्यंत खुद्द अडत्यालाही सांगता येत नाही.

भाची : आणि मामा, राग मानू नका. मामींनी परसात लावलेल्या वांग्यांवर तुम्ही कधी पंप चालवल्याचं मी पाहिलं नाही. घरची भाजी वेगळी आणि विकायची वेगळी, असं का?

मामा : सगळे हेच विचारतात. चार झाडांवरची अळी तुझी मामी हाताने वेचते. किडलेलं वांगं गाईपुढे टाकते. विकणाऱ्याने काय करायचं? एक एकर वांग्यात शेंडे आणि फळं पोखरणारी अळी शिरली तर वेचायला माणसं कुठून आणू? आणि किडीचं एक छिद्र दिसलं तर तूच ते वांगं बाजूला काढतेस की नाही? तुमची निवड आमच्या पंपात उतरते, पोरी.

भाची : मी काढते बाजूला. पण म्हणून...

मामा : ऐक. आता द्राक्ष सोड, भेंडी घे. द्राक्षाचा खुडा वर्षातून एकदाच. फवारणी थांबवायची आणि मग महिनाभर वाट पाहायची, हे आम्हाला जमतं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, इतके दिवस तोडू नका. थांबलं तर भेंडी जून होते, तिला गिऱ्हाईक नाही. आणि तुडतुडे काही सुटीवर जात नाहीत. म्हणून सकाळी तोडणी, दुपारी फवारणी, परवा पुन्हा तोडणी. कोबी-फ्लॉवरचं वेगळं, मिरचीचं वेगळं, पण दुखणं हेच.

माझ्या मते ग्राहकाने द्राक्षाऐवजी भेंडी, वांगी, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता यांची चौकशी आधी करावी ती या कारणाने. भाचीच्या फोनमध्ये अमेरिकेतली ‘डर्टी डझन’ नावाची यादी आहे. तिच्यात वरच्या नंबरांवर स्ट्रॉबेरी आणि पालक असतात. ती यादी अमेरिकी बाजारातल्या नमुन्यांवरून बनते. आपल्या मंडईतल्या गवारीबद्दल ती काहीही सांगत नाही. सतत तोडल्या जाणाऱ्या फळभाज्या आणि पानाचा पसारा मोठा असलेल्या पालेभाज्या, आपल्याकडे काळजीचं मूळ इथे आहे.

देशभरचे आकडेही आहेत. केंद्र सरकारची अंश तपासण्याची योजना 2005-06 पासून चालते. तिच्यात 2014-15 या वर्षी 20,618 नमुने तपासले गेले. 18.7 टक्क्यांत कुठला ना कुठला अंश सापडला, 2.6 टक्क्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त होता. दोघांनी हे आकडे कसे वाचले पाहा.

मामा : म्हणजे शंभरातल्या ऐंशीवर नमुन्यांत काहीच सापडलं नाही. आणि तुम्ही म्हणता सगळ्या भाजीत विष आहे!

भाची : पुढचं वाचा ना. साडेबारा टक्के नमुन्यांत अशी औषधं सापडली ज्यांना मंजुरीच नव्हती. आणि 2010 चं तुम्हीच सांगितलंत. जे शोधलं नाही ते सापडत नाही.

हा घाव वर्मी बसला. मामांनी विषय बदलला, आणि तिथून त्यांची बाजू खरं तर जास्त बळकट झाली.

मामा : बरं, तुझ्या टोपलीवर काय लिहिलंय?

भाची : विषमुक्त. नैसर्गिक शेती.

मामा : जैविक भारतचं चिन्ह आहे का? सेंद्रिय प्रमाणपत्राचा, एनपीओपीचा किंवा पीजीएसचा, नंबर?

भाची : नाही. लहान शेतकरी आहेत, थेट विकतात. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली आणि थेट गिऱ्हाइकाला माल दिला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, 2017 च्या नियमांतच तसं आहे. मी त्यांचं शेत पाहून आलेय.

मामा : शेतावर जाऊन औषध दिसलं का?

भाची : ...

मामा : मी त्यांना खोटं म्हणत नाही. माणसं चांगली असतील. पण माझ्या चार एकरांवर तू विश्वास ठेवत नाहीस, जिथे कागद आहे. आणि तिथे ठेवतेस, जिथे कागद नाही. का? तर टोपली तागाची आहे आणि वर झाडाचं चित्र आहे.

इथे मी मामांच्या बाजूने आहे. हंगामी पिकाला दोन वर्षं आणि बागेसारख्या बहुवर्षायू पिकाला तीन वर्षं रूपांतराची, मग शेताची पाहणी, नोंदवह्या, प्रमाणपत्र, असा सेंद्रिय शेतीचा रीतसर रस्ता आहे, आणि त्यावरून चालणारे शेतकरी महाराष्ट्रात आहेत. त्यांचा माल महाग असतो, त्याला कारण आहे. त्या शेतकऱ्याच्या शेजारी नुसता ‘विषमुक्त’ असा छापील शब्द ठेवून तोच भाव मागणारे बसले आहेत. ग्राहकाने चिन्ह आणि नंबर न मागणं म्हणजे त्या खऱ्या शेतकऱ्यालाच लुबाडणं.

मामा : आणि सेंद्रिय म्हणजे बिनऔषधाचं, हेही खरं नाही. आमच्या बागेवर पहिल्यापासून मारतात ते बोर्डो. मोरचूद आणि चुना. सेंद्रियवाल्यांनाही ते चालतं, गंधकही चालतं. मोरचुदातलं तांबं जमिनीत कुजत नाही, साठत जातं. म्हणून युरोपने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोच्या वर तांबं टाकायचं नाही असं ठरवलंय.

बोर्डो मिश्रणाची गोष्ट थोडी सांगतो. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर बागवाले मोरचूद-चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. 1880 च्या दशकात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की डाऊनी या बुरशीच्या रोगाने सगळीकडची पानं गेली आणि रस्त्याकडेची तेवढी राहिली. चोरांसाठी केलेल्या उपायातून बुरशीनाशक निघालं, आणि आजही निफाडची बाग त्याच्याशिवाय पावसाळा काढत नाही.

भाची : म्हणजे सेंद्रिय घेण्यात काहीच अर्थ नाही?

मामा : असं कुठं म्हटलं मी? मी एक एकर करून पाहिली. जीवामृत, दशपर्णी, निंबोळी अर्क, सगळं. दोन वर्षं बरी गेली. मग 2019 ची दिवाळी आली. पाऊस थांबेना. घड पोंग्यात, फुलोऱ्यात, आणि डाऊनी अशी सुटली की आठ दिवसांत घड जिरले. ज्यांनी रासायनिक फवारलं त्यांचंही गेलं, पण निम्मं राहिलं. माझ्या त्या एकरात काही राहिलं नाही. सोसायटीचं कर्ज सेंद्रिय नसतं बाई.

भाची : ते मला पटतं. पण मग मी का घेते ते पण ऐका. जास्त पौष्टिक असतं म्हणून नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून सांगितलं, पौष्टिकतेत ठोस फरक दिसत नाही, मात्र औषधाचे अंश कमी असतात. 2014 मध्ये न्यूकासलच्या लोकांनी अँटिऑक्सिडंट जास्त असतात असं सांगितलं. ते जाऊ दे. मला एक गोष्ट सतावते ती यवतमाळची.

मामा काही बोलले नाहीत.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारण्याची सवय, दमट उष्मा, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. वरच्या बोंडांवर उडवलेलं औषध त्यांच्याच अंगावर उतरत होतं. त्या विषाचा बाजारातल्या भाजीशी काही संबंध नव्हता. मर्यादा, अहवाल, नमुने यांपैकी कशातही ही माणसं मोजली जात नाहीत. ग्राहकाला मिळतो तो मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा; पंप पाठीवर घेणाऱ्याला मिळतं ते थेट बाटलीतून.

भाची : माझ्या मुलीला द्राक्षातून काही होणार नाही, हे मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवून एक वेळ मान्य करते. पण जो माणूस फवारतो त्याचं काय? मी दुप्पट पैसे देते ते त्या माणसाने पंप उचलू नये म्हणून देते.

मामा : ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर माझा माणूस बसतो. किट आणून दिलंय. ऑक्टोबरच्या उन्हात अर्ध्या तासाने काढून टाकतो. मी रागावतो, तो हसतो. गेल्या वर्षी त्याला दोन दिवस मळमळत होतं, म्हणाला, पित्त असेल. मीही म्हणालो, असेल.

आपल्या वादांत सेंद्रियची बाजू शहरी आईच्या धास्तीवर उभी राहते, म्हणून तिची चेष्टा करणं सोपं जातं. फवारणाऱ्या माणसावर ती उभी केली, तर तिला उत्तर देणं अवघड आहे. मामांकडे ते नव्हतं. माझ्याकडेही नाही. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालचा, मग निळा, मग हिरवा, हे औषध विकणाऱ्या दुकानदाराने घेणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगायला हवं. किती सांगतात?

मामांकडे एक वेगळं उत्तर मात्र होतं, आणि मला ते दोघांच्याही मूळ भूमिकांपेक्षा अधिक कामाचं वाटतं.

मामा : आता मी काय करतो सांगू? सुरुवातीला, घड लहान असतात तेव्हा, लागलंच तर रासायनिक. मणी फुगायला लागले की हात आवरता घ्यायचा. शेवटच्या दिवसांत जैविक: ट्रायकोडर्मा, बॅसिलस, भुरीला ॲम्पिलोमायसिस. पिवळे चिकट सापळे. आणि आधी बागेत बघायचं, रोग आहे का, मग टाकी भरायची. पूर्वी आम्ही वार बघून मारत होतो. फवारण्या कमी झाल्या, खर्च कमी झाला, अहवालात काही येत नाही.

भाची : हे लोकल दोन एकरांतही करता?

मामा : तिथे... जमेल तेवढं.

भाची : का जमत नाही?

मामा : तिथे जैविक मारलं काय आणि रासायनिक मारलं काय, भाव एकच. जास्त कष्टाचे पैसे कुणी देत नाही. तू सेंद्रियला दुप्पट देतेस. तपासलेल्या मालाला किलोमागे पाच रुपये जास्त देणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलं नाही.

भाची : आम्हाला कधी कुणी तसा माल दाखवला तर देऊ ना!

मग राहिला घरचा प्रश्न, धुण्याचा. तो पटकन संपवतो. स्पर्शजन्य औषध सालीवर बसतं, ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने बरंच जातं. आंतरप्रवाही औषध पेशींत शिरतं, ते मिठाने, हळदीने किंवा महागड्या ‘व्हेजी वॉश’ने निघत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन औषधं निघाली, सालीत मुरलेला भाग राहिला. कोबीची बाहेरची पानं काढा, काकडी सोला, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. आणि भीतीने भाजी-फळं कमी करू नका. त्याने होणारं नुकसान औषधाच्या अंशापेक्षा नक्कीच मोठं आहे.

माझं मत विचाराल तर असं. परवडत असेल आणि प्रमाणपत्राचा नंबर दिसत असेल, तर सेंद्रिय जरूर घ्या. फवारणाऱ्या माणसासाठी घ्या. पण त्याने बाजार सुधारेल असं समजू नका. सेंद्रिय टोपली शहरातल्या थोड्या घरांपुरतीच राहणार आहे, आणि बाकीची कोट्यवधी माणसं मंडईतली भेंडीच खाणार आहेत. ती भेंडी सुधारायची तर द्राक्षाला जे लागू झालं ते तिला लागू व्हायला हवं: कुणीतरी नमुना मागितला पाहिजे, आणि नापास मालाचे पैसे अडले पाहिजेत. भेंडीच्या एका क्रेटला काही हजारांची तपासणी परवडत नाही, हे मामा सांगतील आणि ते खरं आहे. म्हणून ती बाजार समितीने करायची, गाव आणि गट धरून, आवकेतून नमुने काढून. शेतमालावर बाजार शुल्क घेणाऱ्या समित्यांना प्रयोगशाळेशी करार करणं अशक्य नाही, आणि निकाल फळ्यावर लावायला तर काहीच लागत नाही. तुमच्या शहरातल्या समितीला हे पत्राने विचारा.

तोवर एक वाट उघडी आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं चाळिसावं कलम साध्या ग्राहकाला विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क देतं. खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं आणि ठरलेलं शुल्क भरायचं. अहवाल चौदा दिवसांत द्यावा लागतो, आणि माल कायद्यात बसत नसेल तर शुल्क परत मिळतं. एकट्या घराला हे जड जाईल. पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीने वर्गणी काढून, फाटकावर रोज येणाऱ्या भाजीवाल्याला विश्वासात घेऊन, वर्षातून दोनदा भेंडी आणि कोथिंबीर पाठवायला हरकत नाही. सेंद्रिय टोपलीही पाठवा.